थांबवण्याचा पगार

कापूस जिनिंगमध्ये आला की त्यातून रुई निघते, सरकी निघते, आणि आमच्याकडे तिसरा एक माल निघतो, तो म्हणजे किस्सा. रुईच्या गाठी गाड्या भरून जातात, सरकी तेलगिरणीत जाते, किस्से मात्र इथंच साचत राहतात. म्हटलं, आज थोडे मोकळे करू.

मी नांदुऱ्याजवळच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये इलेक्ट्रिकल सुपरवायझर आहे. तिथं सगळ्यांना मशीन चालवण्याचा पगार मिळतो, मला थांबवण्याचा. दार उघडं राहिलं, ठिणगी उडाली, कुणाचा हात मध्ये आला, की मशीन आपोआप बंद पडलं पाहिजे, ही माझी जबाबदारी. त्यामुळे माझं काम चोख झालं की लोक माझ्यावरच चिडतात.

* * *

सगळ्यात जास्त चिडायचे गजाननभाऊ. पिंपळगाव राजा या गावचे, आमच्या प्रेसचे ऑपरेटर. प्रेस म्हणजे भली मोठी लोखंडी पेटी. तीत रुई भरायची, दारं लावायची, बटण दाबलं की वरून दट्ट्या येतो आणि गाठ तयार. पेटीला पुढं एक दार, मागं एक. दोन्ही दारांना एकेक छोटा स्विच. दार नीट लागलं नसेल तर दट्ट्या जागचा हलत नाही.

गजाननभाऊ ते स्विच बांधून टाकायचे, म्हणजे दार उघडं असलं तरी मशीनला ते बंद वाटावं. आधी कडुनिंबाची काडी खोचली, मी काढली. मग गाठ बांधायची पट्टी आवळली, मी कापली. शेवटी शेठशी भांडून मी चुंबकावर चालणारे स्विच आणले. म्हटलं, आता बांधून दाखवा. आठवड्याच्या आत त्यांनी फुटक्या लाउडस्पीकरचं चुंबक आणून चिकटवलं!

"काऊन करता हो गजाननभाऊ असं?"

"मॅडम, दरवाजा लागला का नाही, हे मले दिसते ना. त्या स्विचले कायले इचारा लागते?"

"पुढचा दिसतो. मागचा?"

"मागं कोण जाते, मॅडम?"

त्यांच्या काकांची तीन बोटं दुसरीकडच्या एका जुन्या प्रेसमध्ये गेली होती. मी त्याची आठवण दिली, तर म्हणाले, "काका घाईत होता. मी घाईत नसतो." हे सांगतानाही त्यांचा एक पाय प्रेसकडे निघालेला होता. मला त्या माणसाच्या हातांची खरंच काळजी वाटायची. सुट्टीच्या दिवशी फोन वाजला तरी पहिला विचार तोच यायचा.

* * *

आमचे शेठ मात्र सेफ्टीच्या बाबतीत फार जागरूक. भिंतीवर एक मोठं लाल बटण आहे, ते दाबलं की सगळा कारखाना थांबतो. कुणीतरी त्यावर डब्याची पिशवी टांगली आणि दोनदा सगळं बंद पडलं. शेठनी ताबडतोब बटणावर पत्र्याचा डबा बसवला आणि त्याला कुलूप लावलं.

"शेठ, आग लागली तर?"

"त कुलूप उघडायचं."

"चावी कुठाय?"

"माह्या खिशात. कोणी हात लावू शकत नाही, एकदम सेफ."

"आणि तुम्ही अकोल्याला गेलात तर?"

शेठनी नीट विचार केला. "त मले फोन करायचा."

ते कुलूप मी त्याच दिवशी काढलं. आता ते वॉचमनच्या सायकलला आहे.

* * *

दसऱ्याला मशीनची पूजा होते. एका वर्षी पूजा झाली, नारळ फुटला, शेठनी मुहूर्ताचं बटण दाबलं, आणि काहीच हललं नाही. सगळ्यांचे चेहरे उतरले. पूजा सांगणारे महाराज म्हणाले, काहीतरी राहिलं असेल, परत आरती करू. आरती परत झाली. मशीन ढिम्म.

रुईच्या पाइपात ठिणगी उडते का, हे बघायला आम्ही एक सेन्सर बसवला आहे. त्याच्या काचेवर कुणीतरी भक्तिभावानं हळदीकुंकवाची बोटं ओढली होती. डोळा झाकला की तो सेन्सर मशीन सुरूच होऊ देत नाही. मी रुमालानं काच पुसली आणि कारखाना धडधडला. पूजा पुसली म्हणून दोन दिवस माझ्याशी कुणी बोलत नव्हतं.

* * *

आगीचा सायरन आम्ही दर सोमवारी वाजवून बघायचो. एकदा पाइपात खरंच ठिणगी शिरली आणि सायरन वाजला. मी धावत खाली आले. सगळे निवांत कापूस ओढत होते.

"अरे, सायरन ऐकू येत नाही का?"

एकानं वर बघितलं. "येते ना मॅडम. पण आज त गुरुवार हाय."

आग बादलीभर पाण्यात विझली, म्हणून आज हसता येतं. त्यानंतर मी वार बदलत राहते.

* * *

आता गजाननभाऊंकडे परत येते. एकदा मी भांडण सोडून अख्खी पाळी प्रेसजवळ स्टूल टाकून बसले. तेव्हा कळलं की रुईचा भुगा स्विचच्या खाचेत जाऊन बसतो, आणि दार लागलेलं असलं तरी प्रेस अडते. गाठी कमी निघाल्या की शेठ गजाननभाऊंवर ओरडतात. मी दोन्ही स्विच दाराच्या वरच्या अंगाला हलवले, भुगा पोचणार नाही असे. गजाननभाऊ बघत उभे होते. मग त्यांनी स्वतःच चुंबक मला काढून दिलं.

मग सीझन आला. बाहेर गाड्यांची रांग, शेठ स्वतः आत येऊन घाई करत होते. दुपारी गजाननभाऊंनी बटण दाबलं. दट्ट्या हलला नाही. त्यांनी परत दाबलं, आणखी एकदा दाबलं. "काऊन चालून नाही राह्यली बे ही?" म्हणत ते मागच्या बाजूला गेले आणि तिथंच थिजले. मी पोचले तेव्हा मागचं दार उघडं होतं आणि त्यातून दोन बूट बाहेर आलेले होते. वाकून बघताना शेठच्या खिशातला मोबाइल पेटीत पडला होता, आणि तो काढायला शेठ कमरेपर्यंत आत गेले होते.

गजाननभाऊंनी त्यांना पाय धरून बाहेर ओढलं. डोक्यापासून कमरेपर्यंत रुई. शेठ गाठीवर बसले, तांब्याभर पाणी प्याले. वर दट्ट्याकडे बघितलं, मग खाली त्या उघड्या दाराकडे. शेवटी ते गजाननभाऊंकडे वळले.

"गजानन, सकाळी म्या तुले दोन्ही स्विच बांधाले सांगतलं होतं ना?"

गजाननभाऊंनी खाली बघितलं.

"हाव शेठ. इसरलो."