सुतळीच्या दुसऱ्या टोकाला कोण होतं?

अन्याय झाला तो इद्रिसवर. मागच्या मार्चमध्ये, मंगळवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी त्याच्या हातात आश्रयाचा अर्ज नाकारल्याचं पत्र पडलं. मी समोर होते, म्हणून वेळ पक्की आठवते.

आधीच सांगते, मी असल्या गोष्टी मानत नाही. पुण्यात असताना चौकातला उतारा मुद्दाम ओलांडून जायचे. त्यामुळे हे वाचून "हिलाही लागलं याड" असं म्हणणार असाल तर म्हणा, पण शेवटपर्यंत वाचा.

इद्रिस सुदानचा. तिथल्या यादवी युद्धात त्याला बाजारातून उचललं आणि हातात रायफल दिली. कोणत्या बाजूने, ते इथे लिहीत नाही. त्याची आई अजून तिथेच आहे. आता तो मँचेस्टरमध्ये, ट्रामलाइनजवळच्या एका होस्टेलात तिसऱ्या मजल्यावर राहतो. आमचा छोटा गट अशा लोकांचे अर्ज लिहून देतो. त्याचा जबाब मी लिहिला होता, आणि चूक तिथेच झाली... माझी! मला सवय पत्रकांची. एका पानात बसवायचं, फापटपसारा कापायचा. आघाडीवरचे त्याचे सात महिने मी चार ओळींत उरकले. नकार देणाऱ्या अधिकाऱ्याने लिहिलं, हा माणूस आघाडीवर होता म्हणतो, पण तिथला एकही दिवस त्याला सांगता येत नाही.

सांगता येत नाही? त्याला विचारलं कोणी?

इद्रिस चिडला नाही. म्हणाला, "सिस्टर, तुझं पत्रक छान होतं. फक्त त्यात मी कुठे होतो?"

म्हणून अपिलासाठी एका गुरुवारी दुपारी दोनला मी लॅपटॉप घेऊन त्याच्या खोलीत बसले. या वेळी सगळं लिहायचं, उठल्यापासून झोपेपर्यंत. पहाटे बूट झटकायचे, आत विंचू असतात. पाणी बाटलीच्या झाकणाने मोजून प्यायचं. रायफलला स्वयंपाकाचं तेल. मग वाळू. लपायच्या खड्ड्याच्या कडा ढासळतात, ती वाळू दिवसभर उपसायची.

"आणि लढाई?" मी विचारलं.

"ती कधीतरी. वाळू रोज."

खड्ड्यात एकेकटाच माणूस. शेजारच्या खड्ड्यात हमीद, दहा पावलांवर, पण हाक मारायची बंदी. म्हणून दोघांच्या मनगटांना एकच दोरी. थोड्या थोड्या वेळाने एक झटका द्यायचा, म्हणजे 'मी जागा आहे'. दुसऱ्याने उत्तर द्यायचं. एका सकाळी उत्तर आलं नाही. इद्रिस तेवढंच बोलला आणि उठला.

"लिहून कळणार नाही. थांब, दाखवतो."

आमच्या गटाने दिलेल्या धान्याच्या खोक्याची सुतळी पडली होती. एक टोक त्याने माझ्या डाव्या मनगटाला बांधलं, दुसरं स्वतःच्या, आणि कॉरिडॉरच्या टोकाला असलेल्या किचनमध्ये चहा करायला गेला. सुतळी दाराखालून गेलेली. बाकीचे सगळे इंग्लिशच्या क्लासला गेले होते, मजला रिकामा. मी टाइप करत राहिले. झटका आला, मी उत्तर दिलं. परत एक. मग पद्धत बदलली... दोन पटपट, जरा थांबून एक. असं अर्धा तास. मी न बघता उत्तर देत होते. खरं सांगू? बरं वाटत होतं. या शहरात मी इतका वेळ कुणाच्या सोबतीने कधी बसलेच नव्हते.

दार उघडलं. इद्रिस. कोट भिजलेला, हातात दुधाची बाटली, मनगट मोकळं.

"दूध संपलं होतं. दोनदा ओढून बघितलं, मग टोक रेडिएटरच्या पाइपला बांधून दुकानात गेलो. जाताना हाक मारली, तुझं लक्ष कुठे!"

मी उठून किचनमध्ये गेले. गाठ पाइपला घट्ट, सुतळी जमिनीवर सैल पडलेली. माणूस नाही. पाइप हलत नाही, मी लाथ मारून बघितलं.

झटके कसे होते ते सांगितल्यावर तो खाली फरशीवरच बसला.

"दोन, मग एक. हमीद असाच ओढायचा. मला हसवायला."

मग त्याने विचारलं, "तू उत्तर दिलंस?"

"प्रत्येक वेळी."

"चांगलं केलंस," म्हणाला, आणि तोंड फिरवलं.

आमच्या वकील अनघाताईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "अगं बाई, दोरी लिही, भूत नको. भुताला कोर्टात उभं कसं करायचं?" बरोबर आहे. जबाब बावीस पानांचा झाला, त्यात ही दुपार नाही. वारा म्हणाल, तर खिडकी बंद होती. माझा थकवा म्हणाल, तर हमीदची खूण मला ठाऊकच नव्हती. मला कुणी बनवून दिलेलं उत्तर नकोय.

पण इद्रिसची सुनावणी पुढच्या महिन्यात मँचेस्टरमध्येच आहे. हरला तर त्याला परत पाठवतील. सुनावणी खुली असते, कुणीही बसू शकतं, आणि मी पाहिलेल्या प्रत्येक सुनावणीत मागच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. भूत खरं की खोटं यावर इथे दोनशे कमेंट्स टाकू नका. एक दिवस रजा काढा. या, आणि त्याला दिसाल असे बसा.