अकरा ओव्यांची बुडी

कुंभार पिंपळगावच्या आसपास कुणाच्या विहिरीत मोटर पडली, की आधी मारुतीला नारळ फुटतो आणि मग भुजंगला फोन जातो. मी म्हणतो, नारळ वाचवा, आधी फोनच करा. तीस वर्षांत या गड्यानं पाण्यातून मोटरी, घागरी, मोबाइल आणि एकदा तर अख्खी मोटरसायकल वर काढली आहे.

त्याचं सामान बघून शहाणा माणूस पाण्याजवळही जाणार नाही. पंक्चरच्या दुकानातला हवेचा कॉम्प्रेसर, त्याला शंभर फूट नळी, नळीचं दुसरं टोक दातांत. डोळ्यांना जालन्यातल्या मस्तगड भागातून आणलेला पोहण्याचा चष्मा. आणि तळाशी टिकावं म्हणून कमरेला पाच-पाच किलोची दोन लोखंडी मापं. बाजारात इलेक्ट्रॉनिक काटे आले, मापं भंगारात निघाली, ती यानं उचलली.

पण सगळ्यात भरवशाची आहे ती त्याची बायको, नंदाबाई. त्याच्या कमरेची दोरी तिच्याच हातात असते. घड्याळावर तिचा विश्वास नाही. ती काठावर बसून जात्यावरच्या ओव्या म्हणते. अकरा झाल्या की दोरी ओढायची, काम झालेलं असो वा नसो. भुजंगही खाली मनात त्याच ओव्या म्हणत असतो. आमच्या गावात इतका वेळ एका सुरात असणारं दुसरं जोडपं मला तरी माहीत नाही.

फक्त भांडण झालेलं असलं, की हिच्या ओव्या भरभर पळतात. भुजंगची खाली सहावी चाललेली, तोवर हिची अकरावी होते. मग अर्धं काम टाकून बिचारा वर.

यंदा चैत्रातल्या वादळात कल्याण नावाड्याची लोखंडी नाव गोदावरीत, बंधाऱ्याच्या फुगवट्यात बुडाली. पलीकडे शेती असलेल्या पन्नास घरांना तीच एक वाट. चार दिवस गळ टाकून शोधली, सापडेना. भुजंगनं मासेमारांना एवढंच विचारलं, की हल्ली जाळं नव्यानं कुठं अडकतंय. त्यांनी काठाजवळची एक जागा दाखवली. गढूळ पाण्यात डोळ्यांना काही दिसत नव्हतं, पण पहिल्याच बुडीत त्याचा हात नावेला लागला.

दुसऱ्या दिवशी नावेला साखळी बांधायची होती. पण रात्रभर त्याचा कान ठणकत होता. नंदाबाईनं काठावरच अडवलं.

"आधी कान, मंग नाव."

"आज न्हाई बांधली तर गाळात बसंल ती. गाव थांबलंय."

तो उतरला. तिनं गाल फुगवून दोरी धरली आणि ओव्या अशा सोडल्या, की मला ऐकूनच धाप लागली.

खाली भुजंगनं साखळी नावेच्या कडीत अडकवली. तो वळतो न वळतो तोच नाव कलंडली आणि नळी तिच्याखाली दाबली गेली. हवा बंद. त्याच्या मनात सहावी ओवी चालू होती, म्हणजे अजून पाच बाकी. दोरीला हिसका द्यायचंही त्याला सुचेना, तो नुसता नळी ओढत राहिला. आपण संपलो, असं त्याला वाटलं. हे त्यानंच नंतर सांगितलं.

आणि दोरी ताणली गेली. वर नंदाबाईच्या अकरा झाल्या होत्या. मी आणि कल्याणनं मागून हात लावला. भुजंग वर आला तो नळीशिवाय, खोकत, काळानिळा पडलेला. नंदाबाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन मोठ्यानं रडली. मीही रडलो, खोटं कशाला बोलू. दुपारी ट्रॅक्टरनं नाव बाहेर आली, पण आमचं तिकडं लक्षच नव्हतं.

तेव्हापासून भुजंग पाण्यात उतरण्याआधी नेमानं भांडतो. कधी भाजी अळणी होती म्हणून, कधी सासुरवाडीवरून. मागच्या आठवड्यात एका विहिरीवर तो चहावरून सुरू झाला. नंदाबाई त्याच्या कमरेला गाठ मारत होती.

"भांडण कशाला उकरून काढता?" ती खाली मान घालूनच म्हणाली. "त्या दिवसापासून मी सातच ओव्या म्हणून राह्यले."

भुजंगनं चहाचा विषय तिथंच सोडला. मग त्यानं नळी दातांत धरली आणि विहिरीत उतरला.