न लागलेली गोळी

सव्वीस जानेवारीला शाळेच्या मैदानात पाटलांनी सगळ्या गावाला सांगितलं, "ह्या पोराला लढाईत नको त्या जागी गोळी लागली. देशापायी ह्यानं आपला संसार वाहिला."

टाळ्या पडल्या. दुष्काळी कामावर खडी फोडून आलेल्या बायांनी डोळ्यांना पदर लावला. माझ्या डोक्यावर पाटलांनी बांधलेला फेटा, गळ्यात हार. झेंडा फडकवायला म्हणून मला बोलावलं होतं.

मला गोळी लागलेली नव्हती. कुठंच नाही. एकाहत्तरच्या लढाईतून मी धडधाकट परत आलो होतो. पाटलांना ते चांगलं ठाऊक होतं.

आमचं गाव पारनेर तालुक्यातलं. पाटील भावकीतले थोरले. दुष्काळात गावात पाणी होतं ते त्यांच्याच विहिरीला, त्यामुळे त्यांच्यापुढं आमच्या दादांची, म्हणजे वडलांची, मान कायम खाली. मी फौज सोडून घरी आलो, तशी पाटलांनीच त्यांच्या साडूची मुलगी माझ्यासाठी बघितली. सुपारी फोडायची बैठक आमच्या ओसरीवर बसली. एकदा सुपारी फुटली की लग्न पक्कं, मग माघार नाही. मला कुणी विचारलंच नव्हतं. फौजी नवरदेव, धट्टाकट्टा, त्याला काय विचारायचं?

त्याआधी थोडेच दिवस मी अकोल्याकडं जाऊन आलो होतो. पलटणीतला माझा माणूस तिकडचा. दोस्त म्हणत नाही, मुद्दाम म्हणत नाही. एका खंदकात राहिलो आणि एकमेकांवर जीव लावला, शरीरासकट. तो माझ्या आधी सुटून आला आणि घरच्यांनी उभं केलं तसा बोहल्यावर उभा राहिला. मी त्याच्या घरी जेवायला बसलो. तो हात धुवायला बाहेर गेला तेवढ्यात त्याची बायको भात वाढता वाढता हळूच म्हणाली, "भावजी, तुमी त्यांच्या लई जवळचे. माझं काय चुकलं, तेवढं तरी सांगा."

तिचं काहीच चुकलं नव्हतं. पण सांगणार कसं? मी अर्ध्या ताटावरून उठलो.

म्हणून ओसरीवर पाटलांनी अडकित्ता उचलला, तेव्हा मी ताटातली सुपारी काढून मुठीत धरली.

"मी लगीन करनार न्हाई. माझा जीव बाईवर बसत न्हाई, पुरुषावर बसतो. त्या पोरीचं वाटोळं माझ्या हातनं व्हायचं न्हाई."

कुणीतरी फिसकन हसलं. मुलीचा बाप पायताण घालून चालता झाला. दादा म्हणाले, "फौजेत ह्याला काय खाऊ घातलं?"

मग देवऋषी झाला. नगरचा डॉक्टर झाला. मी काय बोललो ते सोडून बाकी सगळ्याची चर्चा झाली. माझं डोकं फिरायचं ते यानंच. तोंडावर शिवी दिली असती तर निदान ऐकलं तरी, असं वाटलं असतं.

शेवटी पाटलांनी घरी बोलावून घेतलं. म्हणाले, "गोळी लागली म्हनू. तुलाबी मान ऱ्हाईल, तुझ्या बापालाबी. न्हाईतर बायल्या म्हनून पोरं दगडं हानतील. आन् इहिरीचं पानी कुनाला द्यायचं, ते माझ्या हातात हाय."

"पन गोळी लागलीच न्हाई."

"तुला कुनी इचारलं?"

तर आता ती गोळी त्यांनी मला भर मैदानात मारली होती. समोर आई बसली होती. कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडावर जरा उजेड दिसला. तिला गोळीनं लुळा झालेला मुलगा पत्करला असता, पुरुषावर जीव असलेला नाही. ते बघून माझ्या अंगाचा भडका उडाला.

मी फेटा उतरवला. पाटलांच्या खुर्चीवर ठेवला.

"हे खोटं हाय," मी ओरडलो. "मला गोळी लागली न्हाई. ज्यांना लागली, त्यांचा मान मी फुकट घेनार न्हाई. मी धड हाय. मला पुरुष आवडतो, म्हनून मी लगीन केलं न्हाई. आता सगळ्यांनी ऐकलं का?"

टाळी नाही. आई उठून गेली. पाठीत एक खडा बसला.

दुसऱ्या दिवसापासून विहीर आम्हाला बंद. दादा माझ्याशी बोलत नाहीत. पाणी मी आणतो, लांबच्या ओढ्यातल्या झऱ्यावरून, हंडा डोक्यावर घेऊन. पारावर बसलेले म्हणतात, "बायल्या निघाला पान्याला." मागच्या आळीतून जाता येतं, कुणाला दिसणारही नाही. मी पारावरूनच जातो, हंडा भरलेला असला तरी सावकाश.

आई एकदा चुलीपाशी पुटपुटली, "गोळीच लागली आसती तर बरं झालं आसतं."

आईनं म्हटलं तरी ते खोटं मी घेणार नाही. पुन्हा कुणी माझ्या अंगात ती गोळी घालायला आलं, तर मी पुन्हा उभा राहीन आणि जे आहे ते सांगीन. गावात ऐकणारा एक असला तरी. एकही नसला तरी.