नेपाळच्या घाटातला मायचा उपास

सूर्य उगवतो की नाही, अशी शंका मला आयुष्यात एकदाच आली. तेव्हा आम्ही नेपाळात होतो, डोंगराच्या कुशीतल्या एका चहाच्या झोपडीत, आणि माझी माय सलग तिसऱ्या दिवशी उपाशी होती. दार उघडलं की पांढरं धुकं उंबऱ्याशी उभं असायचं. अंगणातलं झाड दिसत नव्हतं, तिथं आभाळ कुठून दिसणार? मी मायचा हात हातात धरून बसलो होतो आणि तो हात गार पडत चालला होता. घाबरणं मला नवं नव्हतं. मी जात्याच भित्रा. बैलबंडीवर दोर आवळला तर दोनदा ओढून पाहणारा, दाराची कडी लावली तर पुन्हा उठून चाचपणारा. पण आजवरच्या भीतीला काहीतरी इलाज असायचा. या भीतीला काही इलाज नव्हता.

मायचा उपास साधा नव्हता. मी लहानपणी मुदतीच्या तापात पार हातचा गेलो होतो. वैद्यानं हात टेकले, तेव्हा मायनं अंगणात उभं राहून उगवत्या सूर्यासमोर पदर पसरला. माझं लेकरू वाचव, तुझं तोंड पाहिल्याशिवाय जन्मभर अन्नाला शिवणार नाही, असा नवस तिनं केला. मी वाचलो आणि तेव्हापासून तिनं सूर्य पाहिल्याशिवाय घास घेतला नाही. पाणी तेवढं प्यायची. वऱ्हाडातल्या मेडशीजवळच्या आमच्या गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. झडीच्या दिवसांत ढग जरा फाटले की गल्लीतली कोणीही बाई हाक द्यायची, "काकू, निंगाला, निंगाला," आणि माय हातातलं काम टाकून अंगणात धावायची. आमच्याकडचा पाऊस तसा दिलदार. दिवसभर कोसळला तरी संध्याकाळी ढगाला एखादी फट ठेवतो. एखादा दिवस, फार तर दीड, याहून जास्त तिला कधी थांबावं लागलं नव्हतं.

नेपाळला जायची टूम माझ्या साळ्यानं, नामदेवनं काढली. दुसऱ्या महायुद्धानंतर लिलावात निघालेली एक जुनी जीप मी घेतली होती, आणि काठमांडूपर्यंत आता मोटारीचा रस्ता झाला ही बातमी त्यानं कुठून तरी आणली. मायला पशुपतिनाथ पाहायचा होता. माझ्या बायकोला मुलूख पाहायचा होता. निंदण, डवरणी ही शेतातली कामं आटोपलेली, कपाशी फुटायला अवकाश, म्हणून पोळा झाल्यावर निघायचं ठरलं. 'पोळा अन् पाऊस झाला भोळा' ही म्हण आम्ही सोबत बांधून घेतली. आमच्या रानात ती कधी खोटी पडलेली नाही. हिमालयानं मात्र ती ऐकलेली नव्हती, आणि हे आम्हां चौघांपैकी एकालाही सुचलं नाही.

पहिले दिवस फार आनंदात गेले, हे सांगितलं पाहिजे. जबलपूर, काशी करत, गंगेवर जीप आगबोटीत चढवून आम्ही रक्सौलला पोचलो आणि पलीकडे नेपाळात शिरलो. सालाच्या उंच झाडांमधून रस्ता जात होता. अधूनमधून ऊन पडत होतं, माय सकाळीच हात जोडून मोकळी व्हायची आणि मग पेरूपासून जिलेबीपर्यंत जे मिळेल ते आवडीनं खायची. नद्या दिसल्या की जीप थांबवायची, पाय बुडवायचे, भाकरी सोडायच्या. नामदेव गाडी हाकताना गाणी म्हणायचा आणि मी शेजारी बसून नसलेल्या ब्रेकवर पाय दाबायचो. मग घाट लागला. आमचा पातूरचा घाट त्याच्या दोन वळणांत मावला असता. वर चढत गेलो तसे ढग खाली आले आणि पावसानं जो जोर धरला तो सोडेना. एका वळणापुढे दरड कोसळून रस्ता बंद झालेला दिसला. माघारी फिरायचं ठरवलं, तर मागचाही रस्ता खचलेला. मधल्या तुकड्यात चहाची ती झोपडी होती. झोपडीवाली बाई चांगली होती, तिनं चुलीजवळ जागा दिली.

माझी बायको रोज सकाळी आम्ही घरून नेलेल्या ज्वारीच्या पिठाची ताजी भाकरी मायसाठी थापायची आणि रोज संध्याकाळी ती तशीच त्या बाईच्या गाईपुढे ठेवायची. दुसऱ्या दिवशी तिनं परातीत कुंकवाचा सूर्य काढून आणला. माय पडल्या पडल्या हसली. "चित्रातली भाकर खाऊन पोट भरते काय वं?" म्हणाली. मग मी समजूत घालायला बसलो. प्रवासात सूट असते, आजाऱ्याला सूट असते, शास्त्रात लिहिलेलं आहे, असं ठोकून दिलं. माय म्हणाली,

"नवस म्या केला, शास्त्रानं नाही केला. तुह्या जिवासाठी केलता बापा. आता माह्याच हातानं तोडू काय?"

तिला वाटत होतं, ती जेवली तर मी जाईन. मला दिसत होतं, ती जेवली नाही तर ती जाईल. तिसऱ्या दिवशी सकाळी तिला उठून बसता येईना. मी पशुपतिनाथाला आळवलं, पोहरादेवीच्या देवीला आळवलं. खरं सांगायचं तर माझी प्रार्थना म्हणजे शेतावरच्या सालदाराला सकाळी कामं सांगावीत तशी असायची. आधी पाऊस थांबव, मग वारा सोड, मग ढग जरा पूर्वेकडे लोट. देवाला सगळं नीट समजलं की नाही, म्हणून मी तेच पुन्हा पुन्हा सांगत होतो.

त्या सकाळी एक हमाल दरडीवरून उतरून झोपडीत आला. पाठीवर वेताची खोल टोपली, तिचा पट्टा कपाळावरून घेतलेला, हातात आखूड काठी, कमरेला वाकडी सुरी. ओझं उतरवून तो चहा पीत बसला. झोपडीवालीनं त्याच्या भाषेत त्याला आमची हकिगत सांगितली असावी. तो मायजवळ आला, वाकून तिच्याकडे पाहिलं आणि मला म्हणाला, "ऊपर सूरज है." बोटानं छपराकडे दाखवलं, मग टोपलीकडे, मग मायकडे.

मी नाही म्हणालो. पावसात निसरडी झालेली डोंगराची वाट, ओळख ना पाळख, कमरेला सुरी, मायच्या गळ्यात सोन्याची पोत. नाही म्हणायला मला कारणं शोधावी लागली नाहीत. नामदेव म्हणाला, "भाऊजी, रस्ता नव्हता तवा या हमालायच्या बापांनी आख्ख्या मोटारी डोंगरावरून वाहून नेल्या म्हणतेत. तुमची माय काय मोटारीहून जड हाये?" मी त्याच्यावर चिडलो. तेवढ्यात माय पुटपुटली, "बंडीत बसली, जीपात बसली. आता टोपल्यात बसून पाहू." आणि तिनं हात वर केला, लहान मूल उचलून घ्यायला करतं तसा.

हमालानं टोपलीत घोंगडी घातली. माझ्या बायकोनं मायच्या मांडीवर फडक्यात गुंडाळलेली भाकरी ठेवली आणि सासूला बजावलं, "दिसला का लगेच खा, मामी. तुमच्या लेकाची वाट पाहू नोका." नामदेव आणि माझी बायको मागे राहिली. मी हमालाच्या मागं निघालो. टोपलीत माणूस पाठमोरा बसतो, त्यामुळं मायचं तोंड माझ्याकडे होतं. तो चढत होता आणि ती माझ्याकडे पाहत माझ्यापासून लांब जात होती. मी धावायचा प्रयत्न केला, तर पाय घसरून गुडघ्यावर आलो. उठून पाहतो तो तिचा चेहरा धुक्यात पुसट झालेला. आणखी थोडं चढलो आणि तो दिसेनासा झाला. काही वेळ दगडावर काठी टेकल्याचा आवाज येत होता. मग तोही थांबला.

पुढे वाटेला दोन फाटे फुटलेले. मी "माय" म्हणून ओरडलो. धुक्यात आवाज जातच नाही, तोंडापुढंच पडतो. पुन्हा ओरडलो, घसा बसेपर्यंत ओरडलो. एका बाजूला खोल दरी असावी, कारण खालून पाण्याचा घोंगावणारा आवाज येत होता. त्या आवाजात मी काय काय ऐकलं ते आज लिहितानाही अंगावर काटा येतो. त्यानं पोतीसाठी तिला ढकललं असेल. त्याचा पाय घसरला असेल. ती टोपलीतच गेली असेल आणि त्याला कळलंही नसेल. मी एका ओल्या दगडावर बसलो. परमुलखात, डोंगरात, मी माझी माय अनोळखी माणसाच्या पाठीवर देऊन हरवून बसलो होतो.

मला देवाला हाक मारायची होती. पण सवयीप्रमाणे सूचना द्यायला गेलो तर एकही सूचना सुचेना. ढग हटव म्हणू, की त्या माणसाला परत आण म्हणू, की नुसती वाट दाखव म्हणू? काय झालं आहे हेच मला माहीत नव्हतं, तर काय कर म्हणून सांगू? शेवटी मी एवढंच म्हणालो, की माझं डोकं चालत नाही, ती तुझी आहे, तुझं तू पाहा. म्हणालो आणि हुंदका फुटला. मी खूप वेळ रडलो. भीती गेली असं मी म्हणणार नाही, ती होतीच. फक्त तिचं ओझं एकट्या माझ्याच डोक्यावर नाही, असं पहिल्यांदा वाटलं. मग मी उठलो आणि उजव्या फाट्यानं चालू लागलो. उजवाच का, याला काही कारण नव्हतं.

किती चढलो कोण जाणे. धुकं तसंच होतं. अचानक वरून, अगदी जवळून, मायचा आवाज आला.

"खाय नं बापा. लाजून कायले राह्यला? लय मोठी हाये, मले एकलीले जात नाही."

त्या नेपाळी हमालाला ती आमच्या वऱ्हाडीत आग्रह करत होती. मी उरलेला चढ चार पायांवर चढलो. वर सपाट जागेत एका खडकाला टेकून माय बसली होती, मांडीवर फडकं उलगडलेलं, हातात अर्धी भाकरी. उरलेली अर्धी त्या माणसाच्या हातात. ती हळूहळू चावत होती आणि तिच्या गालांवर थोडी लाली आली होती. मी तिच्या पायांशी बसलो. विचारलं, "दिसला?"

"दिसला नं. आत्ताच त निंगालता," ती म्हणाली. "तू कुठी राह्यला?"

मी वर पाहिलं. पांढरं धुकं, खाली होतं तसंच, बोटभरही कमी नाही. मी हमालाला विचारलं, "सूरज?" त्याचं तोंड भाकरीनं भरलेलं होतं. त्यानं हनुवटी वर उचलली आणि जोरात मान हलवली. ती मान सूर्यासाठी हलली की भाकरीसाठी, ते मला कळलं नाही.

तो माणूस अंतर्धान वगैरे पावला नाही. त्यानं मायला तशीच पाठीवर खाली आणलं, दिले ते पैसे घेतले, नामदेवकडून विड्या मागून घेतल्या आणि आपलं ओझं उचलून उताराला लागला. दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला. मजुरांनी दरड बाजूला केली आणि आम्ही काठमांडूला पोचलो. पशुपतिनाथाच्या गाभाऱ्यासमोर माय बराच वेळ उभी होती. मी तिच्या मागं उभा राहिलो. मागायचं काहीच आठवेना, म्हणून नुसते हात जोडले.

घरी आल्यावर नामदेव मला पुष्कळदा चिडवायचा, "भाऊजी, मायनं तुमाले फशिवलं." मी हसण्यावारी न्यायचो. पण माझ्या मनात तो प्रश्न अनेक वर्षं होता. मी तेवढाच चढ चढलो आणि मला किरणही दिसला नाही. दिसला नसताना ती दिसला म्हणाली असेल का? माझ्या जिवावरचा नवस होता तो. तीन दिवस मरणाच्या दारात बसून तिनं तो मोडला नव्हता. ती खोटं बोलणार नाही, हे मी शपथेवर सांगेन. आणि समजा बोललीच असेल, तर टोपलीतून वर जाताना, धुक्यात तोंड काळवंडून मागं धडपडणाऱ्या आपल्या लेकाकडे पाहून तिनंही मनात म्हटलं असेल, की हा तुझा आहे, तुझं तू पाहा. मी तिला सोपवलं, तिनं मला सोपवलं, आणि आम्ही दोघंही पुढं वर्षानुवर्षं जगलो. यातलं खरं कोणतं ते ठरवायचा अधिकार मला आहे असं मला वाटत नाही. मायला मी कधी विचारलं नाही, आणि ती गेली तेव्हा उन्हाचे दिवस होते.

लोक विचारतात, त्या डोंगरावर तुम्हाला दर्शन झालं का? मला त्या दिवशी सूर्य दिसला नाही. मला माझी माय जेवताना दिसली.