सातवर अडकलेला काटा

"काटा सातवर आहे. म्हणजे सेट ठणठणीत. दोष ऑपरेटरमध्ये आहे," साहेब म्हणाले आणि टाइप केलेला मेमो त्यांनी माझ्यापुढे सरकवला. "सेट चांगला असल्याचं तेवढं सर्टिफिकेट द्या. संध्याकाळी टपालात टाकतो."

मी धुळ्याच्या वर्कशॉपमधला वायरलेस इंजिनियर. पाटबंधारे खात्याचा वायरलेस सेट कुठे बिघडला की एसटी पकडायची आणि निघायचं. नव्वदच्या दशकातली गोष्ट, महिना मे, गाव जळगाव, साहेब तिथल्या ऑफिसचे. उन्हाबद्दल सांगायलाच नको.

मेमो होता तिथल्या ऑपरेटरवर, नानांवर. नाना फैजपूरकडचे, रिटायर व्हायला सहा महिने उरलेले. धुळ्यापलीकडच्या डोंगरातल्या धरणावरून दर तासाला पाण्याची पातळी सेटवर सांगायचे, ती नानांनी ऐकून लिहायची. महिनाभर त्यांना दिवसा धड ऐकूच येत नव्हतं. साहेबांचा निकाल तयार होता, म्हातारा बहिरा झालाय किंवा ड्युटीवर झोपतोय. मेमो गेला असता तर तीस वर्षांची नोकरी करून नाना सस्पेंड होऊन घरी गेले असते.

"भाऊ, बायको स्वयंपाकघरात पुटपुटते तेसुद्धा मला बाहेरच्या ओट्यावर ऐकू येतं," नाना म्हणाले. "मी बहिरा कसा?"

मी हेडफोन कानाला लावला. गरम तेलात मिरच्या टाकल्यासारखी खरखर! तिच्यामागे कुठेतरी एक माणूस बोलत होता, एवढंच कळलं.

इथे थोडं समजून घ्या. सेटवरचा काटा फक्त जोर मोजतो. तो जोर माणसाच्या आवाजाचा की नुसत्या गोंगाटाचा, हे त्याला कळत नाही. कोणीही बोलत नसताना काटा जिथे टेकतो, त्याला आम्ही नॉइज फ्लोअर म्हणतो. तो जितका खाली तितकं बरं. शेतात हाक मारली तर चार बांध पलीकडे जाते. तीच आठवडी बाजारात मारा, शेजारचा वांगीवालाही बघणार नाही. धरणाचा आवाज जेमतेम चारपर्यंत यायचा आणि इथला गोंगाट सातवर. नाना काय ऐकणार, कपाळ?

हे मी साहेबांना सांगितलं.

"काहीतरीच! नऊपैकी सात म्हणजे फर्स्ट क्लास झाला की!"

मी अँटेना काढली, काटा खाली आला. म्हणजे सेट निर्दोष, खरखर सेटच्या बाहेरून येत होती. ती ऑफिसातल्याच विजेची आहे का हे बघायला सेट बॅटरीवर घेऊन मी मेन स्विच बंद करायची परवानगी मागितली.

"मेन स्विच? मे महिन्यात? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

मग एकेक खोली घेतली. ट्यूबलाइट, कूलर, टायपिस्टबाईंचा टेबलफॅन, सगळं बंद करून पाहिलं. बाई माझ्याकडे अशा बघत होत्या, की मी पटकन त्यांचा फॅन परत लावला. काटा ढिम्म. साहेबांची केबिन तेवढी राहिली होती. तिथे जायची हिंमत मलाही नव्हती, खोटं कशाला बोलू!

हरून मी नानांचं रजिस्टर उघडलं. साहेबांच्याच हुकमाने ते दर तासाला काटा टिपून ठेवायचे. अक्षर मोत्यासारखं. दहा वाजता एक, अकरा वाजता एक, बारा वाजता सात. रविवारी दिवसभर एक. मध्येच सलग दोन दिवस एक.

"नाना, हे दोन दिवस काय होतं?"

"साहेब टूरवर होते."

"आणि दर गुरुवारी दोननंतर एक, तो कसा?"

नानांनी दाराकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "गुरुवारी साहेब जामनेरला जातात. सासुरवाडीला."

मी उठलो आणि सरळ केबिनमध्ये शिरलो. डोक्यावर पंखा दोनवर फिरत होता, आणि भिंतीवर नवा कोरा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर.

"जुना खोका तापायचा," साहेब अभिमानाने म्हणाले. "हा मी स्वतः बाजारातून आणला, गेल्याच महिन्यात."

हे रेग्युलेटर पंख्याचा वेग कमी करायला वीज सेकंदात शंभर वेळा तोडतात. प्रत्येक तुकड्याबरोबर वायरिंगमध्ये खरखर सुटते.

"साहेब, एक मिनिट पंखा बंद करतो." उत्तराची वाट न बघता मी बटण दाबलं.

वायरलेस रूममधून नाना ओरडले, "एकवर आला!" पंखा लावला. "सात!" बंद केला. "एक!" तेवढ्यात स्पीकरवर धरणावरचा गडी लख्ख बोलला, "नाना, ऐकू येस का? आज तरी सांगा!"

"येस रे भाऊ, बठ्ठं, अगदी सगळं ऐकू येस!" नाना माइकमध्ये ओरडले आणि पातळी लिहायला लागले.

"योगायोग," साहेब म्हणाले.

मला चीड आली. मी रजिस्टर त्यांच्यापुढे उघडून ठेवलं. "मग वर रिपोर्ट पाठवतो, साहेब. पुरावा म्हणून हे जोडतो. पंखा रोज किती वाजता सुरू होतो, कधी बंद होतो, सगळं आहे. सोबत ऑफिसचं मस्टरही जोडू का?"

मस्टरवर साहेब रोज दहाला हजर होते. त्यांचं बोट रजिस्टरच्या ओळींवरून फिरत गुरुवारवर थांबलं. पंखा बंद, कपाळावर घाम.

"जोडायची काय गरज आहे? घरातलीच गोष्ट." त्यांनी मेमो स्वतःच्या हाताने फाडला. मग उकाडा असह्य होऊन पंखा फुल्लवर केला. फुल्लवर हे रेग्युलेटर वीज तोडत नाहीत, त्यामुळे खरखर नाही. मेमोचे तुकडे मात्र केबिनभर उडाले. नाना आले आणि एकेक तुकडा वेचून खिशात घालून गेले.

दुसऱ्या दिवशी स्टोअरमधून जुना खोका परत आला.

आता मी रिटायर आहे. हौस म्हणून घरी कॉम्प्युटरवर चालणारा रिसीव्हर ठेवलाय. त्याच्या पडद्यावर नॉइज फ्लोअर अगदी आकड्यांत दिसतो. आकडा चढला की मी अँटेनाकडे जात नाही. आधी विचारतो, आत्ता घरात कोण आलं?