तारांगणाच्या बाहेर, चपलांपाशी

"मावशी, हिच्या लेसला गाठ बसलीय. जरा बघता का?"

बदलापूरला खरवईच्या बाजूला नव्याने झालेल्या एका शाळेचा हॉल. विचारणारी टीचर माझ्याच वयाची होती. तिच्या गळ्यात आयकार्ड होतं, माझ्याही होतं. माझं तिने वाचलं नाही. मी जमिनीवर बसलेले, भोवती पाचवीच्या वर्गाचे बूट. एवढ्यावरून तिला कळलं मी कोण ते.

आत शो बोलून दाखवणारी सानिका शेजारीच उभी होती, हातात माईक घेऊन. तिने ऐकलं. ही मावशी नाही, आजचा अख्खा शो हिने लिहिलाय, एवढं ती म्हणू शकली असती. ती हसली. माईकवर फुंकर मारून बघितली आणि वाकून तारांगणात शिरली.

मी गाठ सोडवली.

आमचं तारांगण फिरतं. जाड काळ्या कापडाचा डोम टेम्पोतून शाळेत न्यायचा, ब्लोअर लावून हवा भरायची. फुगला की घुमटासारखा उभा राहतो. मुलं कापडी बोगद्यातून रांगत आत जातात, अंधारात गोल बसतात आणि त्यांच्या डोक्यावर आकाश उघडतं. आत बूट-चपला चालत नाहीत, कापड खराब होतं. म्हणून कुणीतरी बाहेर थांबावं लागतं. ब्लोअरकडे लक्ष ठेवायला आणि चपला राखायला. ती मी.

कापडातून सगळं ऐकू येतं. बूट जोडीने लावत मी ऐकत राहायचे. "मुलांनो, विश्व सुरू झालं तेव्हा सगळ्यात आधी जे तयार झालं त्यात हायड्रोजन होता. तुमच्या अंगात जे पाणी आहे, त्यातला हायड्रोजन तेव्हाचा आहे. इथे बसलेल्या कुणाच्याही अंगातला हायड्रोजन दुसऱ्यापेक्षा जुना नाही."

हे वाक्य माझं. मी ते घरी पलंगावर बसून लिहिलं होतं. लिहिलं तेव्हा अंगावर काटा आला होता. आणि आता ते तिच्या तोंडात होतं, मऊ, सावकाश, जिथे थांबायला हवं तिथे बरोबर थांबून. मुलं गप्प झाली होती. मला रडू येत नव्हतं. मला तिचा गळा हवा होता.

हेवा म्हणजे काय ते मला सानिकामुळे कळलं. तिचा आवाज, तिचे सरळ केस, खांद्यावरून ओढणी मागे टाकायची तिची पद्धत. तिच्या घरी आजोबांची दुर्बीण होती. शनीची कडी तिने सहावीत असताना गच्चीवरून पाहिली होती आणि ते ती असं सांगायची, जसं मी सांगेन की मी सहावीत असताना सायकल शिकले. मी एम.एस्सी. फिजिक्स. तिने कॉमर्स केलेलं. दीर्घिका आणि आकाशगंगा यातला फरक तिला मी सांगितला होता. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांची एक वसाहत, अशा असंख्य आहेत. आकाशगंगा हे त्यातल्या फक्त आपल्या दीर्घिकेचं नाव. तिने एकदा ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी शोमध्ये माझ्यापेक्षा छान सांगितलं. त्या दिवशी मी डबा खाल्ला नाही.

मी उल्हासनगरची. फाळणीनंतरच्या निर्वासितांच्या छावण्यांवरून इथल्या वस्त्यांना अजून कॅम्पच म्हणतात. कॅम्प दोनच्या मार्केटमागे आमची खोली. बाबा मोरिवलीच्या एका कंपनीत शिफ्टला जायचे. आई घरी टिकल्या लावते. म्हणजे मार्केटमधल्या दुकानवाल्या सिंधी दीदीकडून सुट्या टिकल्या आणायच्या आणि एकेक करून छापील कार्डावर चिकटवून परत द्यायच्या. त्यावर माझी इंग्लिश मीडियमची फी गेली. आईबाबांचा हिशेब सरळ होता. पोरगी इंग्लिश बोलली की तिला कुणी आडनाव विचारणार नाही.

मॅडमनी इंटरव्ह्यूमध्ये दुसऱ्याच प्रश्नाला आडनाव विचारलं. तारांगण त्यांच्या मालकीचं. मी आडनाव सांगितलं. त्या छान हसल्या. "अच्छा. आता तुमच्यातल्या मुलीपण सायन्सला येतात, नाही? बरं वाटतं."

मी थँक यू म्हणाले. ते थँक यू अजून माझ्या जिभेवर आहे.

शोची संहिता लिहायचं काम मला मिळालं. मी जीव ओतून लिहिली. विश्वाच्या सुरुवातीपाशी अडले. बिग बँग म्हटलं की मुलांना फटाका दिसतो. एक जागा, तिथे धडाम्, आणि बाकी सगळं रिकामं. तसं ते नव्हतं. तेव्हा रिकामी जागाच नव्हती. जागाच ताणली गेली, अजून ताणली जातेय. हे कसं दाखवायचं याचा विचार करत मी आईसमोर बसले होते. तिच्या बोटावर लाल टिकली होती. मी फुगा आणला, थोडा फुगवला, त्यावर टिकल्या चिकटवल्या आणि आणखी फुगवला. टिकल्या तेवढ्याच राहिल्या. मधलं अंतर वाढलं. प्रत्येक टिकलीपासून बाकी सगळ्या लांब गेल्या. टिकली म्हणजे दीर्घिका. आईने हातातलं कार्ड खाली ठेवून बघितलं आणि म्हणाली, "अगं, मधली कुठलीच नाही की ह्यात."

दुसऱ्या दिवशी मी ते ऑफिसात करून दाखवलं. मॅडमनी फुगा दोन बोटांत धरला. "आयडिया चांगली आहे गं. पण टिकल्या? हे जरा कॅम्पातलं वाटतं." सानिका खळखळून हसली. टिकल्या गेल्या. त्या जागी त्यांनी एक ग्राफिक विकत आणलं. घुमटाच्या बरोबर मध्यभागी पांढरा गोळा फुटतो आणि ठिणग्या चहूकडे उडतात. दिसायला भारी. चुकीचं. मी तसं ईमेलमध्ये लिहिलं. समोर बोलायची हिंमत नव्हती. ईमेलला उत्तर आलं नाही.

एकदाच मी माईक मागितला. सानिकाला ताप होता. मॅडम म्हणाल्या, शो कॅन्सल करू. मी म्हणाले, मी करते ना, मला पाठ आहे. त्यांनी माझ्याकडे मायेने बघितलं, आणि तेच जास्त लागलं. "तुझं नॉलेज आहे, मी नाही म्हणत नाही. पण तुझ्या मराठीला जरा कॅम्पाचा वास येतो. शाळांना ते आवडत नाही. तू बाहेर छान आहेस."

त्यानंतर मी घरी सानिकासारखं बोलून बघायला लागले. भिंतीकडे तोंड करून. शब्द ओढायची तिची लकब, तिचे विराम, सगळं. आई टिकल्या लावत होती. थोडा वेळ ऐकलं तिने. मग मान वर न करता म्हणाली, "हा कुणाचा आवाज काढतेस? आपल्या घरात असं कोण बोलतं?"

मी भिंतीपासून वळले. पुन्हा तसं बोलले नाही.

मग मोरिवलीच्या म्युनिसिपाल्टीच्या शाळेत शो लागला. शाळेच्या गल्लीतून कंपन्यांची भिंत दिसते, त्यातल्या एका गेटातून बाबा वर्षानुवर्षं आत गेले. मॅडम हेडमास्तरांकडे चहाला बसल्या होत्या. मी बाहेर. सानिका आत. पांढरा गोळा फुटल्याचा आवाज आला, मुलं ओरडली, आणि मग एका मुलीचा आवाज.

"मॅडम, तो स्फोट कुठं झाला? आपल्यापासून कोणत्या साइडला?"

माझ्या हातातली चप्पल तशीच राहिली. हा प्रश्न मला शाळेत विचारायचा होता आणि मी विचारला नव्हता.

सानिका म्हणाली, "खूप लांब, बेटा. विश्वाच्या बरोबर मध्यभागी."

चुकली. खरं सांगते, मला आनंद झाला. चुकली, चुकली, सगळ्यांसमोर चुकली.

"मग आपण कडेला हाय?"

"हो. आपण कडेला."

मुलं हसली. कुणीतरी म्हणालं, "आपण तर कडेलाच असतो."

माझा आनंद तिथेच नासला. प्रश्न विचारणारी ती मुलगी आता हे घरी घेऊन जाणार होती. विश्वालाही मध्य असतो आणि तिथे दुसरं कुणीतरी असतं. तिला हे शिकवलं गेलं होतं, तारांगणात बसवून, मी लिहिलेल्या शोमध्ये. आणि मी बाहेर चपला लावत होते.

मी चपला सोडल्या. बोगद्यातून गुडघ्यांवर आत गेले. अंधारात कुणाच्या तरी बोटांवर माझा गुडघा पडला, ते ओरडलं. मी प्रोजेक्टर थांबवला आणि लाइट लावला. सानिका माझ्याकडे बघत राहिली. मी माईक मागितला नाही. तिने दिलाही नाही.

"हे चूक आहे," मी म्हणाले. आवाज फाटला. परत म्हणाले. "कुणी विचारलं होतं?"

तेलकट वेण्या घातलेली एक मुलगी घाबरून उभी राहिली. माझ्या बॅगेत फुगा आणि टिकल्यांचं पाकीट होतं. ऑफिसातल्या त्या दिवसापासून तिथेच होतं. मी फुगा थोडा फुगवून तिच्या हातात दिला, टिकल्या दिल्या. लाव म्हटलं, कुठेही. मग सांगितलं, फक्त फुग्याचं रबर बघायचं, आतली हवा विसरायची. यातली एक टिकली आपली समज. आता फुगव.

ती फुगवत गेली. "सगळ्या लांब चालल्यात."

"आता दुसऱ्या टिकलीवर बोट ठेव."

तिने ठेवलं. फुगवला. "हिच्यापासूनपण."

"मग मधली कुठली?"

तिने फुगा फिरवून फिरवून बघितला. बाकीची पोरं तिच्यावर ओणवी झाली होती. "कुठलीच नाय."

"आपला सूर्य आपल्या दीर्घिकेच्या मध्यापासून लांब आहे, ते खरं. पण विश्वाला मध्य नाही. कडाही सापडलेली नाही. सुरुवात एका जागी झाली नाही, सगळीकडे झाली. तू बसली होतीस तिथेसुद्धा."

तिने आपल्या बसायच्या जागेकडे वळून बघितलं. खाली नुसतं काळं कापड होतं. तिने ते नीट बघितलं.

टेम्पोपाशी मॅडम वाट बघत होत्या. शो चालू असताना मी आत गेलेच कशी, असं त्यांनी दोनतीनदा विचारलं. मग म्हणाल्या, "सानिकाला सॉरी म्हण."

सानिका म्हणाली, "जाऊ दे ना मॅडम. तिला बोलायचं होतं ना कधीपासून."

तिला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मी म्हणाले, तिने चुकीचं सांगितलं. मॅडमनी हात झटकला. "म्युनिसिपाल्टीची शाळा आहे. ह्या मुलांना काय फरक पडतो?"

माझे शब्द सरळ आले. "मी सॉरी म्हणणार नाही. यापुढे चपला राखणार नाही. शो मी लिहिलाय, पोस्टरवर माझं नाव लावा. आडनावासकट. आत बोलायला बोलवाल तर येईन."

मॅडमनी टेम्पोचं दार लावून घेतलं. फोन आला नाही. येणार नाही हे मला म्हणतानाच माहीत होतं.

सानिका अजून माझी वाक्यं बोलते. पांढरा गोळा अजून मध्यभागीच फुटतो. हेवा गेलेला नाही आणि मी तो घालवायच्या मागे नाही. तिला जे फुकट मिळालं त्याचा हेवा मला वाटलाच पाहिजे. तो वाटायचा थांबला तर मी परत थँक यू म्हणेन.

मी त्याच हेडमास्तरांकडे गेले. दर शनिवारी एक तास मागितला. त्यांनी नाव विचारलं, मी पूर्ण सांगितलं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी खुर्चीतून उठले नाही. तास मिळाला. तिथे डोम नाही, अंधार नाही, वरून पंखा आवाज करतो. माझी मराठी कॅम्पाचीच आहे आणि ती मी धुऊन घेणार नाही.

तो तारांगणाचा तंबू ज्या ज्या शाळेत जाईल, त्या शाळेत मी त्याच्या मागून जाणार आहे. टिकल्या घेऊन. त्यांनी मुलांना कडेला बसवलं की मी जाऊन उठवणार आहे. एकेका शाळेत, एकेका मुलीला. आणि कुणी दाराशी मावशी म्हणून बूट पुढे केलाच, तर तो तिथेच पडून राहील.