माझ्या वरातीचं शीर्षकगीत

देवळीच्या आमच्या गल्लीतल्या बँडकाकांना टीव्हीवरच्या झाडून सगळ्या मालिकांची शीर्षकगीतं येत, आणि एकाही मालिकेची गोष्ट माहीत नसे. संध्याकाळी वरातीला निघाले की ते आमच्या दारात थांबत. अंगात लाल कोट, बगलेत क्लॅरनेट. आत गाणं लागलं की डोळे मिटून कोटाच्या गुंड्यांवर बोटं चालवत. गाणं संपून मालिकेत कोणी रडायला लागलं की काका पसार. आई म्हणे, "बसा ना, चहा घ्या." त्यांचं उत्तर ठरलेलं, "गाणं झालं, आता कामाले लागा."

शिकलेलं गाणं पुढच्याच लग्नात वाजे. "पोट्टे नाचाले सिनेमाचं मागतात," ते सांगत, "पन बायाइले रडवाचं असन तं सिरियलचंच पायजे." मुलीच्या पाठवणीला ते असं काही वाजवत की वराकडच्या बायकाही पदर डोळ्यांना लावत.

माझं लग्न झालं तेव्हा मुलीकडचा बँड देवळीतच थांबायला हवा होता. पण काका ऐकतात कुठे. "लेकीले उंबरठ्यापर्यंत वाजवत नेतो," म्हणून एकटेच पुलगावपर्यंत आले. दारात सासूबाई ओवाळायला उभ्या, उंबरठ्यावर तांदळाचं माप. काकांनी त्या वर्षीचं सगळ्यात गोड शीर्षकगीत धरलं. ती मालिका होती सासूला घराबाहेर काढणाऱ्या सुनेची. गाव ती रोज बघत होतं. बायका एकमेकींकडे बघू लागल्या, सासूबाईंचा ताटाचा हात थबकला. सगळे गप्प झालेले पाहून काकांना वाटलं, मंडळी भारावली. त्यांनी आणखी जीव ओतला. शेवटी सासऱ्यांनी हात वर करून थांबवलं.

परतीच्या बसमध्ये त्यांना कोणीतरी गोष्ट सांगितली. त्या दिवसापासून काकांनी मालिकांची गाणी सोडली. आमच्या दारातही थांबेनात. मी माहेरी गेले की बाजूला घेऊन विचारत, "सासू काई बोलत तं नाई ना तुले? म्या अपशकून केला पोरी."

खरी गोष्ट वेगळीच होती. लग्नानंतर महिनाभरात सासूबाई पोळ्या लाटताना तेच गाणं गुणगुणत होत्या. मला हसू आवरेना. त्या वळून म्हणाल्या, "काढजो मले घराबाहेर, पन पोळ्या होऊ दे." त्या दिवसापासून आमचं जमलं ते जमलंच. आजही आमच्यात खटका उडाला की जी आधी ते गाणं गुणगुणेल तिची माघार. हे मी काकांना कितीदा सांगितलं. ते मान हलवत, "तू माह्यं मन राखून राह्यली." त्यांचा हा सल मला फार लागे. माझ्या लग्नात आनंदानं आलेला माणूस त्याच लग्नापायी खंतावत होता.

पुढे त्यांचे समोरचे दात गेले, ओठात फुंक धरवेना, बँड सुटला. मागच्या वर्षी त्यांनी अंथरूण धरलं, तेव्हा सासूबाई आपण होऊन म्हणाल्या, "चाल, मले देवळीले ने."

त्यांना दारात पाहून काका उठायला धडपडले. सासूबाई खाटेजवळ बसल्या. "भाऊ, माह्या दारातलं गाणं अर्धं राह्यलं तुमचं. आज पुरं करा."

"दात नाई बाई आता."

"बोटं तं हायेत."

मी खुंटीवरचं क्लॅरनेट काढून दिलं. काकांनी फुंकून पाहिलं, नुसती हवा निघाली. मग सासूबाईच गाऊ लागल्या. आवाज बेसूर, पण शब्द सगळे पाठ. क्लॅरनेटवर काकांची बोटं चालू लागली, एकही जागा न चुकता. माझ्या डोळ्यांना धार लागली होती. सासऱ्यांनी हात वर केला होता ती ओळ आली आणि पुढे गेली. गाणं पुरं झालं.

काकांनी क्लॅरनेट माझ्या हातात दिलं. त्यानंतर ते आठवडाभरच होते. त्या दिवशी मात्र किती वर्षांनी ते मोकळं हसले आणि म्हणाले, "गाणं झालं. आता कामाले लागा."